‘प्रभाव’ हा शब्द लिहिण्याआधी : १९५२ची एक ऑडिशन

एम.एस्सी. करून मी संगीताच्या इतिहासाकडे वळलो तेव्हा पहिल्याच मसुद्यात लिहिलं होतं, ‘आधुनिक सिंहली गीतावर हिंदुस्तानी संगीताचा प्रभाव आहे.’ गाइडनी वाक्याखाली रेघ मारली आणि विचारलं, “कुणावर, कधी, आणि त्याला तो हवा होता का?” उत्तर शोधताना एका मराठी माणसापाशी पोचलो.

आधी थोडी पार्श्वभूमी. सुनील सान्त (१९१५–१९८१) हे श्रीलंकेचे गायक-संगीतकार. शांतिनिकेतन आणि मग लखनौचं भातखंडे कॉलेज असं शिकून ते १९४४ साली परतले. त्याच सुमारास मुनिदास कुमारतुंग यांची ‘हेळ हवुल’ ही चळवळ (स्थापना १९४१) सांगत होती, की सिंहली भाषेनं संस्कृतच्या कुबड्या टाकाव्यात. सान्त यांना ते पटलं. मग प्रश्न आलाच: शब्द शुद्ध सिंहली आणि चाल मात्र रागातली, हे कसं चालेल? त्यांनी रागदारीची वाट सोडून साध्या, नव्या चाली बांधल्या. १९४०च्या दशकाअखेर रेडिओ सिलोनवर त्या लोकप्रिय झाल्या.

१९५२मध्ये रेडिओनं गायकांची प्रतवारी करायला परीक्षक बोलावले ते श्रीकृष्ण रातंजनकर! मूळचे मुंबईचे, भातखंड्यांचे शिष्य आणि लखनौच्या त्याच कॉलेजचे प्राचार्य. सान्त ऑडिशनला बसलेच नाहीत. सिंहली गाणं हिंदुस्तानी मापानं मोजणं त्यांना मान्य नव्हतं. याची किंमत मोठी होती: रेडिओवरचं काम गेलं, पुढे रेडिओ-दुरुस्तीवर पोट भरावं लागलं.

आता दुसरी बाजू बघा. अमरदेवही याच लखनौच्या कॉलेजात शिकले. त्यांनी मात्र राग आणि सिंहली लोकगीत यांची सांगड घातली आणि कवी महगम सेकर यांच्या शब्दांना चाली दिल्या.

म्हणजे कॉलेज एकच, निष्पत्ती दोन. विज्ञानाच्या भाषेत सांगायचं, तर ‘लखनौ’ हे एकटं कारण इथे पुरत नाही. भाषेचं राजकारण आणि रेडिओची सत्ता हे घटकही मांडावे लागतात. ‘प्रभाव’ म्हटलं की घेणारा नुसता भांडं होऊन बसतो. इथे तर घेणारा निवडतोय, नाकारतोय, त्यासाठी नोकरीही गमावतोय.

तेव्हा प्रस्तावात ‘प्रभाव’ लिहिलात, की गाइडच्या आधी तुम्हीच त्याखाली रेघ मारा.