भिडेवाडा पुन्हा उभारताना पायात कोण?

डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेतला भिडेवाडा रातोरात जमीनदोस्त झाला. भाडेकरूंशी वर्षानुवर्षे चाललेला कोर्टातला वाद संपला आणि जागा मोकळी झाली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते स्मारकाचं भूमिपूजनही झालं. इथेच १८४८ साली सावित्रीमाई आणि जोतिरावांनी मुलींची शाळा काढली. समोर दगडूशेठ गणपतीची रांग लागते. त्या रांगेतल्या कितीजणांनी मान वळवून या पडक्या भिंतींकडे पाहिलं असेल?

आता ‘वाडा हुबेहूब उभारा’ म्हणणारे बरेच भेटतात. सागवानी खांब, चौक, नक्षीदार दरवाजा. मित्रहो, आपल्याला वाडा हवाय की शाळा? तात्यासाहेब भिड्यांनी जागा दिली, हे मान्यच. गोवंडे, वाळवेकर हे मित्र पाठीशी उभे राहिले, तेही खरं. पण शाळा त्या भिंतींना चिकटून राहिली नाही. १८४९ मध्ये फुले दांपत्याला वडिलांचं घर सोडावं लागलं. ३ जुलै १८५१ ला पुन्हा शाळा निघाली ती चिपळूणकरांच्या वाड्यात. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या.

फुल्यांच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे, मांग समाजातली, वय चौदा. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये तिचा निबंध दोन भागांत छापून आला. पेशवाईत मोठमोठ्या इमारती बांधताना महार-मांगांना तेल-शेंदूर पाजून पायात पुरत, असं ती त्यात लिहिते. कुणा इतिहासकाराच्या नव्हे, एका विद्यार्थिनीच्या लेखणीतून हे उतरलंय. ज्या वाड्यांच्या पायात आपली माणसं गाडली जात असं ती सांगते, त्याच वाड्याच्या नक्षीला आपण तिच्या शाळेचं स्मारक म्हणायचं?

मला नक्षीचं वावडं नाही. दर्शनी भाग जुन्या वळणाचा करायचा तर करा. पण दारातून आत शिरताच पहिल्या भिंतीवर मुक्ताचा निबंध लावा, अख्खा, एकही ओळ न गाळता. १८५६ च्या पत्रात सावित्रीमाईंनी जिचं नाव घेतलंय, त्या फातिमालाही तिथे जागा द्या. हंटर कमिशनपुढे १८८२ साली जोतिरावांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून दिलेलं निवेदनही ठेवा.

आणि एक खोली प्रदर्शनाला देऊ नका. तिथे रोज संध्याकाळी वर्ग भरवा. याच बुधवार पेठेत देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या मुली राहतात. फळ्यासमोरची पहिली रांग त्यांची ठेवा.