नजर घडवणारी साधने

रुग्णालयात खाटेच्या पायथ्याशी लटकवलेला तक्ता आपण सर्वांनीच पाहिलेला असतो. सिस्टर येतात, नाडी पाहतात, थर्मामीटर लावतात, दोन शब्द विचारतात आणि तक्त्यावर नोंद करून पुढच्या खाटेकडे वळतात. दोन-तीन मिनिटांचे हे काम बघणाऱ्याला सोपे वाटते. पण त्या वेळात काय पाहायचे आणि कसे, हे शिकवण्यासाठी गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत कितीतरी साधने घडवावी लागली. जसे साधन, तशी विद्यार्थिनीची नजर घडत गेली.

सुरुवात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यापासून करावी लागते. १८५९-६० च्या हिवाळ्यात प्रसिद्ध झालेल्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकात त्यांनी रुग्णाच्या निरीक्षणावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. 'रात्र बरी गेली ना?' या प्रश्नावर त्यांचा राग होता. एखाद्याला सलग दहा तास झोप लागली नाही, तरी रात्र वाईट वाटते. दुसऱ्याला अधूनमधून डुलकी लागली, तरी बरी वाटते. म्हणून किती तास झोप लागली आणि रात्रीच्या कोणत्या वेळी, असे विचारावे, हा त्यांचा आग्रह. रुग्ण जेवत नाही, एवढी नोंदही त्यांना पुरत नसे. स्वयंपाक बिघडला, पदार्थाची निवड चुकली, वेळ चुकली की खरोखर भूकच नाही? कारण वेगळे, तसा उपायही वेगळा.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची परिचारिका शाळा सुरू झाली. तेथील विद्यार्थिनींच्या हाती कर्तव्यांची जी यादी दिली जाई, तिच्यात निरीक्षणाच्या बाबी एकेक करून नोंदलेल्या होत्या : नाडी, त्वचा, भूक, श्वास, झोप, कफ, जखमांची स्थिती, भ्रम किंवा गुंगी, औषधांचा परिणाम. आज 'चेकलिस्ट' म्हणतात, तिचेच हे एक जुने रूप.

त्याच दशकात नजरेला आकड्याची जोड मिळाली. जर्मनीतील लाइपझिगचे डॉ. वुंडरलिख यांनी हजारो रुग्णांचे ताप मोजून १८६८ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा थर्मामीटर मात्र फूटभर लांब; पारा स्थिरावायला वीसेक मिनिटे लागत. इंग्लंडमध्ये क्लिफर्ड ऑलबट यांनी १८६६-६७ च्या सुमारास सहा इंची, पाच मिनिटांत काम करणारा थर्मामीटर तयार करवून घेतला. खिशात मावणाऱ्या या उपकरणामुळे ताप मोजणे हळूहळू रोजच्या शुश्रूषेचा भाग झाले.

पण यादी वाचून आणि आकडा टिपून हात तयार होत नाही. जिवंत रुग्णाला हात लावण्याआधी सराव कशावर करायचा? अमेरिकेतील हार्टफर्ड रुग्णालयाच्या परिचारिका शाळेने यासाठी बाहुल्या बनवणाऱ्या मार्था चेस यांना गाठले. १९११ मध्ये कोपर, गुडघे, कंबर यांत वाकणारी पूर्ण मापाची एक बाहुली शाळेत दाखल झाली. विद्यार्थिनी तिला 'मिसेस चेस' म्हणू लागल्या. तिला कूस बदलून द्यायची, कपडे बदलायचे, खाटेवरून उचलायचे. १९१४ च्या सुधारित बाहुलीच्या दंडावर इंजेक्शनचाही सराव करता येई. पहिल्या चुका निर्जीव देहावर व्हाव्यात, माणसावर नव्हे, असा यामागचा सरळ माणुसकीचा विचार होता.

पुढचे साधन भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५२ मध्ये सुचवले. नवजात बाळाच्या पाच खुणा पाहायच्या, प्रत्येकीला शून्य ते दोन गुण द्यायचे, एकूण दहा. पाहणाऱ्याची नजर कुठे भरकटू नये, अशी ही सुटसुटीत पद्धत. १९६२ मध्ये त्यांच्याच आडनावाच्या अक्षरांवर त्या खुणा बसवल्या गेल्या : अपीअरन्स, पल्स, ग्रिमेस, ॲक्टिव्हिटी, रेस्पिरेशन, म्हणजे रंग, नाडी, चेहऱ्याची प्रतिक्रिया, हालचाल आणि श्वास. एवढी सोयीची किल्ली मिळाल्यावर पाठांतराची धास्ती कशाला राहील?

पण यातली पहिलीच खूण पाहा. बाळ सर्वांगी गुलाबी असेल, तर पूर्ण दोन गुण. गुलाबी कोणाचे अंग? गोऱ्या बाळाचे! सावळ्या बाळाचा रंग त्वचेवर नव्हे, तर जिभेवर, ओठांच्या आतल्या बाजूला पाहावा लागतो. साधन आपल्याला पाहायला शिकवते खरे. पण ते कोणाच्या देहावर बेतले आहे, यावरून काय निसटणार, तेही ठरून जाते.

ही उणीव लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठातील मलोन मुक्वेंडे या वैद्यकीय विद्यार्थ्याला खटकली. शिकवली जाणारी लक्षणे बहुधा गोऱ्या त्वचेवरची. मग काळ्या-सावळ्या त्वचेवर ती कशी दिसतात? दोन अध्यापकांसह त्याने २०२० मध्ये 'माइंड द गॅप' ही पुस्तिका तयार केली. त्याच वर्षी अमेरिकेतील एका अभ्यासाने दाखवून दिले, की बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ऑक्सिजन पुरेसा असल्याचे दाखवत असताना प्रत्यक्षात तो कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या सुमारे तिप्पट होते. कोरोनाच्या साथीत घराघरांत पोहोचलेले हे यंत्र. यंत्राला डोळे नसतात, तरी पक्षपात शिरतो तो असा.

आपल्या वॉर्डांतल्या खाटांवर गव्हाळ, सावळी, काळी माणसे असतात. तिथे शिकणाऱ्या मुलीला यादी हवी, बाहुली हवी, गुणांचे कोष्टकही हवे. त्याबरोबरच पुस्तकातले चित्र आणि समोरचा माणूस यांतला फरक ओळखण्याची सवयही हवी. श्वास लागलेल्या रुग्णाचा प्राण कधी कधी तेवढ्या फरकावर अवलंबून असतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)