फोनची वीट : अपडेट, संमती आणि मालकी यांचा एक छोटा इतिहास

मागच्या वेळी आपण कुलूप-किल्लीविषयी बोललो होतो. आजचा विषय त्याच घरातला आहे, फक्त इथे कुलूप आपल्या खिशात असतं आणि किल्ली दुसऱ्याकडे.

सुरुवात एका शब्दापासून करू. फोनमध्ये नवं सॉफ्टवेअर भरताना काहीतरी बिघडतं आणि फोन कायमचा बंद पडतो, त्याला इंग्रजीत फोन 'ब्रिक' झाला असं म्हणतात. ब्रिक म्हणजे वीट. आपल्या दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा 'डेड झाला' किंवा 'लोगोवर अडकलाय' असं म्हणतो. पण मला वीट हा शब्द आवडतो, कारण मराठीत तो दोन अर्थांनी चालतो. एक वीट भिंतीतली, आणि दुसरा वीट आपल्याला येतो तो. (हशा) पंढरपूरच्या विटेवर निदान कुणीतरी उभं आहे. आपल्या हातातल्या विटेवर कुणी उभं राहत नाही.

माझ्याही फोनची अशी वीट झाली, म्हणून हा विषय डोक्यात शिरला. नोव्हेंबर महिना होता. इथे बसलेल्या बऱ्याच जणांना नोव्हेंबर म्हटलं की काय ते कळलं असेल : हयातीचा दाखला. आपण जिवंत आहोत हे पेन्शनसाठी दरवर्षी सिद्ध करावं लागतं, आणि आता ते घरबसल्या फोनला चेहरा दाखवूनही करता येतं. आदल्या रात्री फोनने विचारलं, 'आज रात्री अपडेट करू का?' मी 'हो' म्हटलं. खरं सांगायचं तर मी 'हो' म्हटलं नाही, तो चौकोन समोरून जावा म्हणून बोट टेकवलं. सकाळी पाहतो तर कंपनीचं चिन्ह येतंय, जातंय, पुन्हा येतंय. सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं, 'सर, बोर्ड बदलावा लागेल, आतलं काही राहणार नाही. आणि वॉरंटी संपून चार महिने झालेत.' दाखल्याचं काम मी बँकेत जाऊन, कागदावर सही करून उरकलं. आतलं जे गेलं त्याकडे शेवटी येतो.

आता इतिहास. २००३ साली नोकिया ११०० आला. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात तो होता. पाण्यात पडला तर वाळवायचा, खाली पडला तर तीन तुकडे गोळा करून जोडायचे. तो कारखान्यातून बाहेर पडला तेव्हा पूर्ण झालेला होता. आपण घेतल्यानंतर त्याच्या आत कंपनी रोजच्या वापरात डोकावत नव्हती. तत्त्वज्ञानाच्या भाषेत बोलायचं तर तो एक सिद्ध पदार्थ होता. स्मार्टफोन तसा नाही. तो साध्य आहे, सतत घडत असतो. विकत घेताना आपल्याला एक वस्तू दिसते, पण प्रत्यक्षात आपण एका न संपणाऱ्या प्रक्रियेत नाव नोंदवलेलं असतं.

ही प्रक्रिया धोक्याची का, ते थोडक्यात सांगतो. फोन सुरू होताना आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो, त्याला बूटलोडर म्हणतात. तो मोठ्या प्रणालीला उठवतो. अपडेट म्हणजे ही प्रणालीच बदलायची, कधी कधी बूटलोडरसुद्धा. म्हणजे ज्या शिडीवर आपण उभे आहोत तिच्याच पायऱ्या बदलायच्या. मध्येच बॅटरी संपली, फाईल अर्धवट लिहिली गेली, किंवा नव्या प्रोग्रामला जुना सुटा भाग ओळखता आला नाही, की उठवणाराच झोपतो. यावर उपाय निघाला. २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ बरोबर प्रणालीच्या दोन प्रती ठेवण्याची पद्धत आली. एक चालू, दुसरीवर नवं काम. नवी प्रत उठली नाही तर जुनी आहेच. कल्पना उत्तम आहे. तरीही अपघात थांबले नाहीत, कारण सगळेच अपघात तांत्रिक नव्हते. काही विटा चुकून पडल्या, काही शिक्षा म्हणून, आणि एक तर मुद्दाम, लोकांच्या भल्यासाठी पाडली गेली. आज मला हा फरक नीट दाखवायचा आहे.

पहिली गोष्ट २००७ ची. २९ जूनला अमेरिकेत आयफोन विक्रीला आला. तो एटी अँड टी या एकाच कंपनीच्या जाळ्यावर चालेल अशी व्यवस्था होती. थोड्याच महिन्यांत हुशार पोरांनी ते कुलूप काढलं. भारतात आयफोन अधिकृतपणे ऑगस्ट २००८ मध्ये आला. तोपर्यंत अमेरिकेतल्या भाच्या-पुतण्यांच्या बॅगेतून जे फोन इकडे यायचे, ते इथल्या सिमवर चालायचे तर कुलूप काढणं भागच होतं. २४ सप्टेंबर २००७ ला अ‍ॅपलने जाहीर इशारा दिला की कुलूप काढलेल्या फोनवर पुढचं अपडेट टाकलं तर तो कायमचा निकामी होण्याची शक्यता आहे. तीन दिवसांनी, २७ तारखेला, १.१.१ हे अपडेट आलं आणि खरोखरच अनेक फोनांच्या विटा झाल्या.

आता गंमत बघा. आदल्याच वर्षी, नोव्हेंबर २००६ मध्ये, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने फोनचं असं कुलूप काढण्याला कॉपीराइट कायद्यातून सूट दिलेली होती. म्हणजे कायदा म्हणतो, काढा. कंपनी म्हणते, काढून तर बघा! कंपनीचं म्हणणं होतं की आम्ही मुद्दाम काही केलेलं नाही, कुलूप काढणाऱ्या प्रोग्रामनेच आतली घडी विस्कटली होती. ते खरंही असेल. पण ज्याच्या हातात फोन होता त्याला त्या दिवशी एक गोष्ट समजली : पैसे मोजून आणलेल्या वस्तूचा शेवट कधी व्हायचा, हे ठरवण्याची ताकद दुकानाच्या मागच्या बाजूला राहिली आहे.

दुसरी गोष्ट शुद्ध चुकीची. २४ सप्टेंबर २०१४. नव्याकोऱ्या आयफोन ६ आणि ६ प्लससाठी आयओएस ८.०.१ आलं आणि फोनचं नेटवर्कच गेलं, बोटाचा ठसाही ओळखेना. तासाभरात कंपनीने अपडेट मागे घेतलं, दुसऱ्या दिवशी ८.०.२ दिलं आणि दिलगिरी व्यक्त केली. चाळीस हजारांहून कमी फोनांना फटका बसला असं सांगितलं. आपल्याकडे खूप खपलेल्या शाओमीच्या मी ए३ चंही असंच झालं. २०२१ च्या सुरुवातीला त्याला अँड्रॉइड ११ चं अपडेट आलं आणि अनेकांचे फोन उघडेचनात. कंपनीने अपडेट थांबवलं आणि वॉरंटी असो वा नसो, सर्व्हिस सेंटरमध्ये मोफत दुरुस्त करून देऊ असं जाहीर केलं. चूक माणसाकडून होते. चूक लवकर मान्य करणं आणि तिचा खर्च स्वतः उचलणं, यातून निदान नातं टिकतं. म्हणून या प्रकारावर मी फार रागावत नाही.

तिसरी गोष्ट मात्र थांबून बघण्यासारखी आहे. समजा आयफोन ६ चं खालचं बटण खराब झालं. तुम्ही ते कोपऱ्यावरच्या दुकानात बदलून घेतलंत. फोन महिनोनमहिने छान चालला. मग एक दिवस अपडेट टाकलं आणि पडद्यावर फक्त 'एरर ५३' आलं. फोन संपला. त्या बटणात बोटाचा ठसा घेणारा सेन्सर होता आणि तो आतल्या सुरक्षा-चिपशी जोडी जमवून कारखान्यातून आलेला होता. जोडी जमली नाही की अपडेटच्या वेळी तपासणी नापास. फेब्रुवारी २०१६ मध्ये याचा बोभाटा झाला, तेव्हा आधी कंपनी म्हणाली की हा सुरक्षेचा उपाय आहे. काही दिवसांतच, १८ फेब्रुवारीला, तीच म्हणाली की ही कारखान्यातली चाचणी होती, ग्राहकांवर तिचा परिणाम व्हावा असा हेतू नव्हता. क्षमा मागितली आणि अशा फोनांना पुन्हा उठवणारं अपडेट दिलं.

दोन्ही खुलासे शेजारी ठेवून पाहा. एकच घटना, आधी तुमचं रक्षण म्हणून सांगितलेली, नंतर आमची चूक म्हणून. ऑस्ट्रेलियात तिथल्या ग्राहक आयोगाने प्रकरण कोर्टात नेलं. जून २०१८ मध्ये फेडरल कोर्टाने नव्वद लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. किमान २७५ ग्राहकांना 'बाहेर दुरुस्ती केलीत, आता तुमचा हक्क नाही' असं सांगितलं गेलं होतं, आणि ते दिशाभूल करणारं होतं. बाहेरच्या माणसाने फोन उघडला एवढ्यावरून ग्राहकाचा हक्क बुडत नाही, हा त्याचा अर्थ. आपल्या रस्त्यारस्त्यावरच्या रिपेअरिंगवाल्यांच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७ ऑगस्ट २०१६ मध्ये बाजारात आला आणि त्याच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. फोन परत मागवले, बदलून दिलेलेही पेटले, ऑक्टोबरमध्ये उत्पादनच बंद झालं. भारतात तो विक्रीला आलाच नाही. तरी काही लोक फोन परत करेनात. डिसेंबरमध्ये सॅमसंगने जाहीर केलं की अमेरिकेत एक अपडेट पाठवू, त्याने फोन चार्जच होणार नाही. म्हणजे मुद्दाम पाडलेली वीट. त्या वेळेपर्यंत तिथले ९३ टक्क्यांहून जास्त फोन परत आलेले होते.

यावर व्हेरायझन या दूरसंचार कंपनीने आधी नकार दिला. त्यांचं म्हणणं, सुट्ट्यांचे, प्रवासाचे दिवस आहेत. कुणाकडे दुसरा फोन नसेल आणि संकटात डॉक्टरला बोलवायचं असेल तर? पुढे जानेवारी २०१७ मध्ये त्यांनीही अपडेट पाठवलं. मला हा वाद वर्गात शिकवायला मिळायला हवा होता! एकीकडे शेजारच्या प्रवाशाचा जीव, दुसरीकडे मालकाचा एकमेव फोन. मी इथे सॅमसंगच्या बाजूने आहे. माझ्या मालकीने दुसऱ्याच्या अंगाला आग लागत असेल तर माझी मालकी तिथे थांबते. पण एक लक्षात ठेवा. इथे धोका उघड सांगितला होता, पैसे परत मिळत होते, तारीख आधी जाहीर होती. या अटींमुळे ते कृत्य न्याय्य ठरलं. कंपनीच्या हातात बटण होतं, एवढ्यामुळे नव्हे.

आता तुम्ही म्हणाल, सर, मग अपडेट करायचंच नाही का? असं मी अजिबात म्हणत नाही. मे २०१७ मधला वॉनाक्रायचा हल्ला आठवा. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांची कामं त्यात अडली. त्यावरचा मायक्रोसॉफ्टचा उपाय दोन महिने आधीच, मार्चमध्ये, आलेला होता. ज्यांनी तो टाकला नाही ते सापडले. अपडेट हे औषध आहे. पण औषध देताना डॉक्टरने काय देतोय ते सांगायचं असतं.

इथे अ‍ॅरिस्टॉटल आठवतो. तो म्हणतो, दृष्टी नसलेला डोळा हा फक्त नावाचा डोळा, दगडात कोरलेल्या डोळ्यासारखा. आपले नैयायिक घट फुटला की प्रध्वंसाभाव म्हणतील. पण इथे घट फुटलेलाच नाही! काच शाबूत, धातू चकचकीत, वजन तेवढंच. गेलं आहे ते फक्त त्याचं कार्य. रोमन कायद्याच्या परंपरेत मालकीचे तीन अंश मानतात : वापरण्याचा, फळ घेण्याचा आणि विल्हेवाट लावण्याचा हक्क. फोनच्या बाबतीत कागदावर तिन्ही आपले. प्रत्यक्षात पदार्थ आपला आणि कार्य कंपनीचं, अशी वाटणी झाली आहे, आणि ती कुठल्याही पावतीवर छापलेली नसते.

मग मागायचं काय? माझ्या मते, अपडेट चुकलं तर जुन्या स्थितीत परतण्याचा मार्ग मिळाला पाहिजे. सुरक्षेची दुरुस्ती आणि नवी सजावट वेगवेगळी मिळाली पाहिजे, कारण आपण संमती पहिल्याला देतो आणि दुसरं तिच्या पदराआडून आत येतं. आणि कंपनीने स्वतः पाठवलेल्या अपडेटने फोन मेला तर वॉरंटीची तारीख विचारू नये. वस्तू माझ्या हातून पडली नाही, त्यांच्या हातून पडली. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन-दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे. २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. युरोपीय संघाने जून २०२५ पासून स्मार्टफोनसाठी दुरुस्तीचे आणि किमान पाच वर्षांच्या अपडेटचे नियम लागू केले. दारं किलकिली झाली आहेत. आपण तक्रारच केली नाही तर ती उघडणार नाहीत. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर लिहून घ्या. मी स्वतः तेव्हा तक्रार केली नाही, कंटाळा केला, आणि ती माझी चूक होती.

शेवटी त्या फोनमध्ये काय होतं ते सांगतो. माझी अक्का पंच्याऐंशीची आहे. त्या दिवाळीत तिने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या, मी अर्धा तास रेकॉर्ड केल्या होत्या. प्रत दुसरीकडे काढून ठेवली नव्हती. नंतर तिला म्हटलं, अक्का, पुन्हा म्हणतेस का? ती म्हणाली, 'त्यात काय, म्हणते की.' आणि म्हटल्या. पण त्या वेगळ्याच होत्या. आधीच्या तिला आठवेनात, मला तर नाहीतच.

म्हणून तुम्हाला सांगतो, आज घरी गेल्यावर आधी प्रत काढून ठेवा. नवं अपडेट आलं की आठवडाभर थांबा, लोक काय म्हणतात ते ऐका, बॅटरी भरा, आणि मग टाका. आणि तो चौकोन पुढच्या वेळी समोर येईल तेव्हा, एकदा तरी, वाचा.

प्रश्न असतील तर घेऊ.