डायनाचं घर, शेव्हरॉनचे वासे

आपल्याकडे बारसं एकदाच होतं आणि कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा असतो. अमेरिकेतल्या महिला व्यावसायिकांच्या एका गोल्फ स्पर्धेचं बारसं मात्र आठ वेळा झालं, आणि दर काही वर्षांनी आत्या बदलली. १९७२ साली ती जन्मली तेव्हा तिचं नाव होतं ‘कोलगेट डायना शोअर विनर्स सर्कल’. पुढे ‘विनर्स सर्कल’ गळलं. मग कोलगेट जाऊन नाबिस्को आली. २००० साली नावातलं ‘डायना शोअर’ गेलं आणि नुसती ‘नाबिस्को चॅम्पियनशिप’ उरली. २००२ मध्ये क्राफ्ट जोडलं गेलं, २०१५ मध्ये ‘एएनए इन्स्पिरेशन’ झालं, आणि २०२२ पासून ती ‘शेव्हरॉन चॅम्पियनशिप’ आहे. टूथपेस्ट, बिस्किटं, चीज, विमानं, खनिज तेल. खेळाडू, खेळ आणि एप्रिलच्या आसपासचा हंगाम साधारण तेच. बदलत गेलं ते पाटीवरचं नाव. या पाट्या खरवडून पाहिल्या की खाली शब्दांचं मोठं गोत सापडतं, आणि त्यातले बरेच शब्द आपल्या नात्यातले निघतात.

सुरुवात डायनापासूनच करायला हवी. मराठीत हे नाव लिहिताना आपली लिपी एक गफलत करते. इंग्लंडची राजकन्या डायना आणि ही गायिका डायना शोअर ही नावं आपण सारखीच लिहितो, पण ती दोन वेगळ्या कुळांतली आहेत. राजकन्येचं नाव रोमन देवतेचं. त्या लॅटिन शब्दाचं मूळ आपल्या ‘दिव्’ धातूपाशी, म्हणजे ‘देव’ आणि ‘दिवस’ यांच्या घरात जातं. गायिकेचं नाव हिब्रू आहे. बायबलमधल्या याकोब आणि लेआ यांची मुलगी ती डायना. तिच्या नावात ‘दीन’ म्हणजे न्याय, निवाडा हा अर्थ आहे. ‘डॅनियल’ या नावातला न्यायही तोच आणि अरबीत कयामतीच्या दिवसाला ‘यौमुद्दीन’ म्हणतात त्यातला ‘दीन’ही तोच. एक डायना उजेडाची, दुसरी निवाड्याची.

गंमत अशी की या बाईचं खरं नाव डायना नव्हतंच. १९१६ साली टेनेसी राज्यातल्या विंचेस्टर गावी जन्मलेली ही मुलगी म्हणजे फ्रान्सिस रोझ शोअर. न्यूयॉर्कच्या रेडिओवर नशीब आजमावायला गेली तेव्हा ती ‘डायना’ नावाचं त्या काळचं लोकप्रिय गाणं म्हणायची. निवेदक मार्टिन ब्लॉकला तिचं नाव आठवेना, म्हणून त्याने ‘ती डायनावाली मुलगी’ असा उल्लेख केला आणि तेच चिकटलं. म्हणजे ज्या नावावर पुढे एका स्पर्धेची ओळख उभी राहिली ते नाव ना आईबापांनी ठेवलेलं, ना कोणी पैसे मोजून लावलेलं. ते तोंडातोंडी पडलं, आणि अशी पडलेली नावं सहजासहजी पुसली जात नाहीत.

कोलगेट-पामोलिव्हचा प्रमुख डेव्हिड फॉस्टर याला बायकांच्या गोल्फमध्ये पैसा घालायचा होता, कारण त्याचा साबण आणि टूथपेस्ट विकत घेणाऱ्या बायकाच होत्या. डायना शोअर तेव्हा टीव्हीवरची घराघरांत ओळखीची बाई. तिचा खेळ टेनिस. गोल्फ ती या स्पर्धेच्या निमित्ताने शिकली. पहिल्याच वर्षी बक्षिसांची रक्कम १ लाख १० हजार डॉलर होती आणि तेव्हा महिला गोल्फमध्ये एवढा पैसा कुठेच नव्हता. पहिली विजेती जेन ब्लेलॉक. ‘विनर्स सर्कल’ हे शेपूट घोड्यांच्या शर्यतीतून आलेलं. जिंकलेला घोडा फोटोसाठी ज्या रिंगणात आणून उभा करतात ते विनर्स सर्कल. गोल्फच्या निमंत्रणावर ते लावताना पागेचा वास कोणाला आला नसावा.

आता ‘गोल्फ’ शब्दाची एक भाकडकथा इथेच निकालात काढतो, कारण बायकांच्या गोल्फचा विषय निघाला की कोणीतरी ती सांगतंच. म्हणे ही चार इंग्रजी अक्षरं म्हणजे ‘फक्त सभ्य पुरुषांसाठी, बायकांना मज्जाव’ अशा पाटीची आद्याक्षरं. साफ खोटं. स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ साली या खेळावर बंदी घातली तेव्हाही शब्द ‘गोल्फ’च होता. तिरंदाजीचा सराव सोडून लोक फुटबॉल आणि गोल्फ खेळतात ही तक्रार होती. आद्याक्षरांचे शब्द बनवायची हौस विसाव्या शतकातली. पंधराव्या शतकात ती कुठून येणार? डच भाषेत ‘कोल्फ’ म्हणजे दांडू, आणि अभ्यासकांचा कल गोल्फचं नातं त्याच्याशी जोडण्याकडे आहे. मज्जाव पुष्कळ ठिकाणी होता हे खरंच आहे, पण तो शब्दात नव्हता, क्लबांच्या दारावर होता.

व्यावसायिक गोल्फपटूंच्या संस्थेच्या नावात मात्र बायकांची गोष्ट खरोखर आहे. १९४४ साली ‘विमेन्स प्रोफेशनल गोल्फ असोसिएशन’ निघाली, ती चालली नाही. १९५० मध्ये तेरा जणींनी नवी संस्था काढली आणि तिच्या नावात ‘विमेन’ऐवजी ‘लेडीज’ घातलं. तीच आजची एलपीजीए. जुन्या संस्थेची सनद तिच्या संस्थापक होप साइनियस सोडायला तयार नव्हत्या, म्हणून शब्द बदलावा लागला, असं सांगितलं जातं. पण बदलून घेतलेला हा ‘लेडी’ शब्द काय आहे बघा. जुन्या इंग्रजीत ‘ह्लाफ’ म्हणजे पाव आणि ‘दिगे’ म्हणजे मळणारी. लेडी म्हणजे कणीक मळणारी. मळण्याचा हा धातू संस्कृतातल्या ‘दिह्’चा सख्खा भाऊ, ज्यापासून आपला ‘देह’ झाला, लिंपून आकार दिलेला. ज्या बायका स्वयंपाकघराबाहेर पडून दोन-दोनशे यार्ड चेंडू मारायला निघाल्या, त्यांच्या संस्थेच्या नावातच पिठाचा गोळा येऊन बसला. कोणी मुद्दाम केलं असतं तर इतकं जमलं नसतं.

आणि पीठ मळल्यावर भाजायला नाबिस्को हजर! १९८२ साली कोलगेटची जागा घेणारं हे नाव म्हणजे ‘नॅशनल बिस्किट कंपनी’ची जुळणी. बिस्किट म्हणजे दोनदा भाजलेलं. लॅटिनमधलं ‘कोक्तुस’ आणि आपलं ‘पक्व’ एकाच धातूपासून आलेले. संस्कृतात नाव ठेवायचं तर ‘द्विपक्व’ म्हणता येईल, पण चहात बुडवायला तो शब्द फारच कडक. गेलेल्या कोलगेटबद्दल एक वाक्य सांगायलाच हवं. गोल्फमधून ते नाव पुसलं गेलं, पण आपल्याकडे वाण्याच्या दुकानात ‘एक कोलगेट द्या’ म्हणून दुसऱ्याच कंपनीची ट्यूब नेणारी माणसं पिढ्यान् पिढ्या आहेत. विकत घेतलेल्या पाटीने जे साधलं नाही ते रोजच्या चुळीने साधलं.

नाबिस्कोच्या काळातच, १९८३ साली, स्पर्धेला ‘मेजर’चा दर्जा मिळाला. लॅटिन ‘मायोर’ म्हणजे अधिक मोठा. आपल्या ‘महत्’चं, ‘महीयस्’चं भावंड. त्या वर्षी एमी अल्कॉट जिंकली. हीच अल्कॉट १९८८ मध्ये पुन्हा जिंकली आणि आनंदाच्या भरात अठराव्या होलजवळच्या तळ्यात उडी मारून मोकळी झाली, बरोबर तिचा कॅडी बिल कूरी. (कॅडी म्हणजे पिशवी वाहणारा एवढंच आपण धरतो, पण तो आणि एनसीसीचा कॅडेट हे एकाच फ्रेंच शब्दाचे दोन वंशज. धाकटा मुलगा, मग शिकाऊ सैनिक, मग एडिंबरोच्या रस्त्यावरचा निरोप्या, मग गोल्फचा सोबती अशी त्याची उतरंड.) १९९१ मध्ये अल्कॉट तिसऱ्यांदा जिंकली तेव्हा तिने खुद्द डायना शोअरला बरोबर घेऊन उडी मारली. तेव्हा डायनाबाई पंचाहत्तरीच्या होत्या. मधल्या वर्षांत दुसऱ्या कोणीच उडी मारली नव्हती. १९९४ च्या फेब्रुवारीत डायना वारल्या, त्यानंतर काही आठवड्यांत डोना अँड्र्यूज जिंकली आणि तिनेही तळ्यात उडी घेतली. मग मात्र ती प्रथाच पडली.

या तळ्यालाही नाव आहे, ‘पॉपीज पाँड’. टेरी विलकॉक्स बरीच वर्षं स्पर्धेचे संचालक होते आणि नातवंडं त्यांना ‘पॉपी’ म्हणायची, म्हणून २००६ मध्ये तळ्याला ते नाव दिलं. पप्पा, बाबा, पॉपी हे सगळे ओठ मिटून उघडताना पोरांच्या तोंडून पडणारे शब्द. त्यांची व्युत्पत्ती शोधत बसणारा पंडित मला जरा संशयास्पदच वाटतो.

तळं आहे ते गाव म्हणजे रँचो मिराज, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातलं. हे आपलं मिरज नव्हे. इथल्या ‘मिराज’चा अर्थ मृगजळ. लॅटिन ‘मिरारी’ म्हणजे चकित होणं. त्याचं मूळ संस्कृत ‘स्मि’शी, म्हणजे आपल्या ‘स्मित’ आणि ‘विस्मय’ यांच्याशी जोडतात. मृगजळाच्या गावात जिंकणारी बाई खऱ्या पाण्यात उडी मारायची आणि वर यायची तेव्हा पांढरा टॉवेलचा झगा घेऊन माणसं उभी असायची. ही प्रथा कुठल्याही कंपनीने सुचवलेली नाही, म्हणून ती टिकली, असं माझं मत आहे.

पुढची बारशी भराभर उरकतो. क्राफ्ट हे चीजवाल्या जेम्स क्राफ्टचं आडनाव, जर्मनमध्ये अर्थ ताकद. एएनए म्हणजे ऑल निप्पॉन एअरवेज, ‘निप्पॉन’ म्हणजे सूर्याचं उगमस्थान. ‘इन्स्पिरेशन’ म्हणजे मुळात श्वास आत घेणं, आणि विमान कंपनीने हवेशी संबंधित शब्द निवडावा हे ठीकच. स्पर्धेचं नाव म्हणून मात्र तो मला शेवटपर्यंत बेंगरूळ वाटला. ‘अमकीने इन्स्पिरेशन जिंकलं’ हे वाक्य कुठल्याही भाषेत लंगडतं. लोकांनाही ते पटलं नसावं. २०२० मध्ये प्रेक्षकांविना स्पर्धा झाली. अठराव्या होलमागे एक निळी भिंत उभारली होती. ली मिरिमचा जोरात गेलेला चेंडू त्या भिंतीने अडवला, तिथून तिने चिप मारून थेट होलमध्ये घातला आणि प्लेऑफमध्ये ती जिंकली. त्या भिंतीला सगळे ‘ग्रेट वॉल ऑफ डायना’ म्हणू लागले. डायनाचं नाव पाटीवरून उतरून तेव्हा वीस वर्षं झाली होती.

आणि आता शेव्हरॉन. फ्रेंचमध्ये शेव्हरॉन म्हणजे छपराचा वासा. दोन वासे आढ्याला मिळतात तो कोन म्हणजे शेव्हरॉन, आणि म्हणून हवालदाराच्या बाहीवरच्या फितीही शेव्हरॉन. शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘कापेर’ आहे, म्हणजे बोकड. तिरकस उभे वासे कोणाला तरी बोकडासारखे दिसले असावेत. योगायोग असा की डायना शोअरचा टीव्हीवरचा सर्वांत गाजलेला कार्यक्रम शेव्हरोले मोटारींनी प्रायोजित केला होता, आणि त्या फ्रेंच आडनावाच्या मुळाशीही याच शेळ्या-बोकडांचं कूळ आहे.

आपली म्हण सांगते की घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. इथे उलटं झालं. आधी वासा आला, मग घर फिरलं. २०२२ ची स्पर्धा जेनिफर कुपचोने जिंकली, तिने पॉपीज पाँडमध्ये शेवटची उडी मारली आणि पन्नास वर्षांचं रँचो मिराजमधलं मिशन हिल्सचं मैदान सोडून स्पर्धा २०२३ पासून टेक्सासला गेली. पैसा वाढला, टीव्हीवरची वेळ सुधारली, तारखाही मोकळ्या मिळाल्या. ऑगस्टाच्या हौशी महिला स्पर्धेशी होणारी टक्कर टळली. हिशोब म्हणून हे बरोबरच होतं आणि खेळाडूंना जास्त पैसे मिळाले यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. तिथली पहिली विजेती लिलिया वू हिने टेक्सासच्या तळ्यातही उडी मारली. पण त्या तळ्याला कोणाच्या नातवंडांनी नाव दिलेलं नव्हतं.

डायना हा शब्द तिकडे मागेच राहिला. स्पर्धा पाहायला दर वसंतात येणाऱ्या समलिंगी स्त्रियांचा १९९१ पासून जवळच्या पाम स्प्रिंग्जमध्ये मेळा भरू लागला. त्याचं नाव ‘द डायना’. गोल्फशी त्याचा संबंध पुढे उरला नाही, अनेकींना तर डायना शोअर कोण हेही ठाऊक नसतं. विशेषनाम इतकं वापरलं गेलं की ते सामान्यनाम झालं, त्याला ‘द’ लागला. शब्दाच्या आयुष्यात याहून मोठी बढती नाही.

टेक्सासमध्ये विजेतीला मिळणारा चषक अजून ‘डायना शोअर ट्रॉफी’च आहे, आणि ट्रॉफी हा शब्द ग्रीकमधल्या ‘फिरणे’ या क्रियापदावरून आलेला, शत्रूने जिथे पाठ फिरवली तिथे उभारलेली खूण. मिशन हिल्सच्या मैदानाचं नाव ‘डायना शोअर टूर्नामेंट कोर्स’. आणि रँचो मिराजमधून जाणारा ‘डायना शोअर ड्राइव्ह’ नावाचा एक चांगला रुंद रस्ता आहे. त्याला अजून प्रायोजक मिळालेला नाही.