गोणीत काय आहे?

वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून गेलं की माथ्यावर तो मोठा दगडी रांजण दिसतो. सातवाहनांच्या काळी जकातीची नाणी त्यात टाकत, अशी आपल्याकडची समजूत. जवळच्याच लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांच्या दक्षिणा आकड्यांत कोरल्यात, आणि आकडा कशाचा तेही सांगितलंय: गायी, घोडे, हत्ती, कार्षापण. आम्हा प्रोग्रामर मंडळींच्या भाषेत प्रत्येक संख्येचा 'टाइप' आधीच जाहीर!

सी++ किंवा जावामध्येही तसंच. कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय राहणार ते आधी लिहायचं. कंपायलर प्रोग्राम चालण्यापूर्वीच तपासतो. मग चालत्या प्रोग्राममध्ये पुन्हा "तू नक्की कोण?" असं का विचारायचं? कारण जाहीर केलेलं नाव ढोबळ असू शकतं. यादीत नुसतं 'जनावर' लिहिलं असेल, तर गाय की घोडा हे ते घाटात समोर आल्यावरच कळणार.

हा प्रश्न जुना आहे. ऑस्लोमध्ये डाल आणि न्यूगार्ड यांनी केलेल्या सिम्युला ६७ या भाषेत 'इन्स्पेक्ट' होतं: वस्तू या वर्गाची असेल तर हे कर, त्या वर्गाची असेल तर ते. ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुपने सिम्युला वापरली होती आणि या सोयीचा गैरवापरही पाहिला होता. समजा, चित्रं काढणारा प्रोग्राम आहे. "वर्तुळ असेल तर असं, चौकोन असेल तर तसं" हे दहा ठिकाणी लिहिलं, की त्रिकोण आला रे आला, दहाही जागा शोधत बसा! त्यापेक्षा 'स्वतःला काढ' एवढंच सांगावं, कसं ते प्रत्येक आकृतीनं बघावं. म्हणून त्याने सी++मध्ये ही सोय सुरुवातीला मुद्दामच दिली नाही.

पण गरज काही थांबली नाही. मोठ्या लायब्रऱ्यांनी आपापल्या वेगवेगळ्या युक्त्या काढल्या, आणि त्या एकमेकींशी जुळेनात. शेवटी १९९३ मध्ये समितीने 'डायनॅमिक कास्ट' मान्य केलं. १९९८ च्या मानकात ते आलं. जावात 'इन्स्टन्सऑफ' पहिल्यापासून होतं. २००४ मध्ये जेनेरिक्स येईपर्यंत तर यादीतून काढलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू पुन्हा तपासूनच घ्यावी लागे. पुढे २०२३ च्या जावा २१ मध्ये गंमत झाली. वर्गाचे सगळे प्रकार आधीच 'सील' केलेले असतील, तर एखादा विसरल्याबद्दल कंपायलरच टोकतो. विचारणं चालत्या प्रोग्राममध्येच राहिलं, पण विसरभोळेपणाचा पहारा पुन्हा आधीच्या चौकीवर गेला.

मला यातून एवढंच कळलं, की बाहेरून आलेला माल नाक्यावर उघडून बघावाच. फाइल असो, नाहीतर दुसऱ्याच्या प्रोग्रामने पाठवलेला डेटा. पण आपल्याच घरात प्रत्येक दाराशी जकात बसवावी लागत असेल, तर घराचा नकाशा पुन्हा काढायला हवा.

तुमच्या कोडमध्ये किती नाके आहेत? मोजून बघा एकदा...