निकालानंतरचा प्रवेश : ब्रिटनमधील ‘क्लिअरिंग’ची वाटचाल

इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ऑगस्टच्या मध्यावर, एका गुरुवारी, ‘ए लेव्हल’ या शालेय शिक्षणाच्या अखेरच्या परीक्षेचे निकाल लागतात आणि ज्यांच्या हाती त्या दिवशी कोणत्याही विद्यापीठाची जागा उरत नाही, त्यांना रिकाम्या राहिलेल्या जागांशी जोडून देणाऱ्या व्यवस्थेला तेथे ‘क्लिअरिंग’ म्हणतात. नापासांची किंवा उशिरा जागे झालेल्यांची सोय अशी या व्यवस्थेची प्रतिमा दीर्घकाळ रूढ होती. मात्र ती अन्यायकारक आहे, कारण क्लिअरिंगची गरज विद्यार्थ्यांच्या हलगर्जीपणातून नव्हे, तर निकालाआधीच प्रवेश ठरवण्याच्या ब्रिटिश विद्यापीठांच्या जुन्या सवयीतून निर्माण झाली. महाराष्ट्रात आधी निकाल, मग अर्ज आणि मग गुणवत्ता यादी असा क्रम असतो. ब्रिटनमध्ये तो उलटा आहे, आणि क्लिअरिंगचा सारा इतिहास या उलट्या क्रमाभोवतीच फिरतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यापीठाची वाट धरणाऱ्यांची संख्या वाढू लागली, तेव्हा प्रत्येक विद्यापीठ आपापले अर्ज स्वतंत्रपणे मागवत असे. जागा मिळेल की नाही या धास्तीने विद्यार्थी एकाच वेळी अनेक ठिकाणी अर्ज करत, एकाच हुशार विद्यार्थ्याला अनेक विद्यापीठे जागा देऊ करत आणि प्रत्यक्षात किती जण येतील याचा अंदाज कोणालाच येत नसे. एकीकडे जागा रिकाम्या राहत, तर दुसरीकडे पात्र विद्यार्थी घरी बसत. या गोंधळावर उपाय शोधण्यासाठी कुलगुरूंच्या समितीने ब्रिस्टल विद्यापीठाचे कुलगुरू सर फिलिप मॉरिस यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला आणि त्यातून 1961 साली विद्यापीठांची मध्यवर्ती प्रवेश परिषद, म्हणजे ‘यूसीसीए’ (उच्चारी ‘अका’), स्थापन झाली. 1963 च्या प्रवेशांसाठी तिची चाचणी झाली आणि पुढच्या वर्षी पूर्ण योजना लागू झाली. 1962 च्या शिक्षण कायद्याने पात्र विद्यार्थ्यांना अनुदान देणे स्थानिक प्रशासनांना बंधनकारक केले होते आणि 1963 च्या ऑक्टोबरात आलेल्या रॉबिन्स अहवालाने, क्षमता व इच्छा असलेल्या प्रत्येकाला उच्च शिक्षणाची संधी मिळावी, असे तत्त्व मांडले होते. त्यामुळे अर्जांचा ओघ वाढणार हे उघडच होते.

नव्या योजनेत विद्यार्थ्याने एकच अर्ज भरून त्यात पसंतीची विद्यापीठे नोंदवायची आणि विद्यापीठांनी ‘अमुक श्रेणी मिळाल्यास जागा तुझी’ असा सशर्त प्रस्ताव द्यायचा, अशी रीत बसली. ऑगस्टमध्ये ज्यांची अट पूर्ण होत नसे, किंवा ज्यांच्याकडे मुळात प्रस्तावच नसे, त्यांची रिकाम्या जागांशी सांगड घालण्याचे काम क्लिअरिंगकडे आले.

सशर्त प्रस्तावाचा पाया म्हणजे शाळेतील शिक्षकांनी आधीच वर्तवलेली श्रेणी. 1963 पासून ए लेव्हलला ए ते ई अशा श्रेणी आल्या आणि प्रत्येक विषयात वरच्या साधारण 10 टक्के परीक्षार्थींना ए, त्याखालच्या 15 टक्क्यांना बी अशी वाटणी 1980 च्या दशकापर्यंत चालत राहिली. विद्यार्थ्याची श्रेणी देशभरातील इतरांच्या कामगिरीवर अवलंबून असताना एका गावातील शिक्षकाने ती महिनोन्महिने आधी अचूक सांगावी, ही अपेक्षाच अवास्तव होती. ही पद्धत गेली तरी अंदाज सुधारले नाहीत : 2016 साली गिल वाइनेस यांनी केलेल्या अभ्यासात केवळ 16 टक्के अर्जदारांना भाकीत केल्याइतके गुण मिळाल्याचे दिसले. बहुसंख्यांबाबत अंदाज चढे होते. पण कमी उत्पन्नाच्या घरांतील हुशार मुलांना त्यांच्या तोडीच्या सुखवस्तू मुलांपेक्षा कमी लेखले जाण्याची शक्यता अधिक होती. या अभ्यासातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब हीच म्हटली पाहिजे, कारण अशा मुलाने अर्ज करतानाच आपली झेप आखडती घेतलेली असते.

1981 साली सरकारी खर्चकपातीत विद्यापीठांचे अनुदान घटले, सॅल्फर्डसारख्या विद्यापीठाला तर 40 टक्क्यांहून अधिक कपात सोसावी लागली, आणि विद्यापीठांत जागा न मिळालेले अनेक विद्यार्थी पॉलिटेक्निककडे वळले. त्यांच्यासाठी वेगळी मध्यवर्ती प्रवेशयंत्रणा उभी राहिली. पुढे 1992 च्या कायद्याने पॉलिटेक्निकांना विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यावर 1993 साली दोन्ही यंत्रणा एकत्र येऊन आजची ‘यूकास’ ही संस्था झाली.

त्या काळातील क्लिअरिंग कागदावर आणि टेलिफोनवर चालत असे. जागा नसलेल्या विद्यार्थ्याला टपालाने क्लिअरिंगचा प्रवेश-अर्ज येई. त्याची मूळ प्रत एकच असल्याने ती ज्या विद्यापीठाकडे पाठवली, तेथेच विद्यार्थी बांधला जाई. वर्तमानपत्रांत रिकाम्या जागांच्या याद्या बारीक टायपात छापून येत, त्यांवर खुणा करून विद्यार्थी एकेका विद्यापीठाला फोन लावत आणि लाइन व्यग्र लागली की पुन्हा पुन्हा लावत राहत. पलीकडे प्राध्यापक व कर्मचारी श्रेणी विचारून तोंडी होकार किंवा नकार देत, आणि पालकांऐवजी स्वतः विद्यार्थ्यानेच बोलावे असा आग्रह धरत. काही मिनिटांच्या त्या संभाषणावर पुढच्या तीन वर्षांचे शहर आणि विषय ठरे. घरी फोन नसलेल्या, किंवा असा फोन कसा करावा हे सांगणारे कोणी नसलेल्या मुलासाठी ही परीक्षा ए लेव्हलहून सोपी नव्हती. पुढे अर्ज व याद्या संगणकावर गेल्या, तरी फोन राहिलाच.

पैशाचे गणित बदलले तसे क्लिअरिंगचे रूपही बदलले. 2012 पासून इंग्लंडमध्ये वार्षिक शुल्काची मर्यादा 9,000 पौंडांपर्यंत गेली आणि 2015 पासून विद्यार्थिसंख्येवरील सरकारी मर्यादा उठली. विद्यार्थी हाच उत्पन्नाचा मुख्य स्रोत झाल्याने नामवंत विद्यापीठेही ऑगस्टमध्ये जागा जाहीर करू लागली. अपेक्षेहून चांगला निकाल लागलेल्यांसाठी 2009 साली ‘अ‍ॅडजस्टमेंट’ ही वेगळी वाट काढण्यात आली होती. केंब्रिजने 2019 साली वंचित पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांसाठी तिचा प्रथम वापर केला. 2020 मध्ये महासाथीमुळे परीक्षाच झाल्या नाहीत. 13 ऑगस्टला गणनसूत्राने जाहीर झालेल्या निकालांत इंग्लंडमधील जवळजवळ 40 टक्के श्रेणी शिक्षकांच्या मूल्यमापनापेक्षा खाली आल्या आणि जनक्षोभानंतर चारच दिवसांत सरकारने शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी मान्य केल्या. तोवर अनेकांनी गमावलेल्या जागेऐवजी दुसरी जागा धरली होती आणि विद्यापीठांना आपले निर्णय पुन्हा तपासावे लागले.

निकाल आधी आणि अर्ज नंतर हा उपाय अनेकदा सुचवला गेला. 2004 साली स्टीव्हन श्वार्ट्झ यांच्या अहवालाने तो मांडला, 2011 साली यूकासनेच त्याचा आराखडा पुढे ठेवला आणि 2021 साली सरकारने त्यावर जनमत मागवले. प्रत्येक वेळी वेळापत्रकाची अडचण आडवी आली : परीक्षा मे-जूनमध्ये, निकाल ऑगस्टमध्ये आणि वर्ग शरद ऋतूच्या सुरुवातीला, अशा चौकटीत सर्व अर्ज नीट तपासायचे तर परीक्षा अलीकडे आणाव्या लागतील किंवा विद्यापीठाचे वर्ष पुढे ढकलावे लागेल, आणि शाळा व विद्यापीठे यांपैकी कोणीही आपले वर्ष हलवायला राजी नव्हते. फेब्रुवारी 2022 मध्ये सरकारने हा बदल सोडून दिला. त्याच वर्षी अ‍ॅडजस्टमेंट बंद झाले आणि चांगल्या निकालामुळे हाती असलेली जागा सोडू पाहणारे विद्यार्थीही क्लिअरिंगमध्येच येऊ लागले.