बाळंतपणातला डेंग्यू : उशिरा कळलेला धोका

“डॉक्टर, मला डेंग्यू झालाय, तो बाळालाही होईल का?” नववा महिना लागलेली स्त्री हे विचारते, तेव्हा “होऊ शकतो” असे आज आम्ही सांगतो. हे कळायला मात्र वैद्यकशास्त्राला फार वेळ लागला.

१७८० साली फिलाडेल्फियात आलेल्या ‘हाडमोड्या तापा’चे वर्णन डॉ. बेंजामिन रश यांनी केले. हाल फार, पण रोगी बहुधा बरा होई. पुढे १९५३-५४ मध्ये मनिलात आणि १९५८ मध्ये बँकॉकमध्ये रक्तस्राव करणारा डेंग्यू दिसला. त्याचे बळी मुख्यतः लहान मुले होती. त्यामुळे हा मुलांचाच आजार मानला गेला आणि गर्भवतीकडे फारसे लक्ष गेले नाही.

कालांतराने मोठ्या माणसांतही डेंग्यू वाढला. १९९१ मध्ये ताहितीच्या डॉक्टरांनी आईकडून बाळाला डेंग्यू झाल्याच्या पाच नोंदी प्रसिद्ध केल्या. १९९४ मध्ये थायलंडमधून एका बाळंतिणीची हकीकत आली : तिला प्रचंड रक्तस्राव झाला आणि बाळालाही लागण झाली. २००९ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात डेंग्यू झालेल्या गर्भवतीला रुग्णालयात ठेवून उपचार द्यावेत, असे सांगितले गेले.

धोका नेमका प्रसूतीच्या सुमारास का? ताप उतरू लागतो तेव्हाच प्लेटलेट्स कमी झालेल्या असतात आणि रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो. त्याच दिवसांत प्रसूती झाली, तर रक्तस्राव आवरणे कठीण जाते. शिवाय गरोदरपणात रक्त मुळातच पातळ झालेले असते, त्यामुळे ते घट्ट होऊ लागल्याची खूण तपासणीत निसटू शकते. बाळाचे म्हणाल, तर आईला पूर्वी डेंग्यू झाला असल्यास तिची प्रतिपिंडे बाळाला मिळतात. पण प्रसूतीच्या तोंडावर लागण झाली, तर नव्या विषाणूविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडे बनण्याआधीच तो बाळापर्यंत पोहोचू शकतो.

म्हणून दिवस भरत आले असताना ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नका. आई-बाळाची प्रकृती साथ देत असेल, तर हे नाजूक दिवस टळेपर्यंत डॉक्टर प्रसूती लांबवायचा प्रयत्न करतात. घाई करू नका. जन्मतः ठणठणीत दिसणाऱ्या बाळालाही काही दिवसांनी ताप येऊ शकतो, म्हणून आईला डेंग्यू झाला होता हे बालरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगा.